रकाना क्रमांक सहा

जगात ज्या संस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, त्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य एकच असते: त्यांचे काम कधी होत नाही. धरण बांधणारे लोक धरण बांधून झाले की सामान आवरून घरी जातात. धरण व्हावे म्हणून झटणारे लोक मात्र तिथेच राहतात. त्यांना कार्यालय मिळते, शिक्का मिळतो आणि यथावकाश त्यांची नातवंडेही कार्यकारिणीवर येतात. आमच्या ओर्दियास गावची ‘सीमापार रेल्वे पुनरुज्जीवन समिती’ या बाबतीत पिरेनीज पर्वताच्या दोन्ही उतारांवर आदर्श मानली जाते. (असे आम्हीच मानतो. फ्रान्सच्या उतारावरून अद्याप दुजोरा आलेला नाही.)

आमचे स्थानक आमच्या गावापेक्षा मोठे आहे. त्याला एकशे अठ्ठ्याऐंशी दरवाजे आहेत आणि गावात माणसे तीनशे चाळीस, म्हणजे दर दरवाजामागे सुमारे पावणेदोन माणसे पडतात. एके काळी त्याचा अर्धा भाग स्पेनचा आणि अर्धा फ्रान्सचा होता. एका गाडीतून उतरायचे, दोन देशांच्या जकातीच्या मेजांपुढून जायचे आणि दुसऱ्या गाडीत बसायचे, अशी रीत होती. मग एकाहत्तर सालच्या मार्चमधल्या एका शुक्रवारी बोगद्यापलीकडचा पूल कांद्याच्या मालगाडीसकट खाली बसला. माणूस कोणी दगावला नाही. कांदे दगावले. पूल वसंतात दुरुस्त करू, असे पलीकडून कळवण्यात आले. कोणत्या वसंतात, ते कळवले नव्हते. त्यामुळे त्यांना आजही खोटे ठरवता येत नाही.

तेव्हापासून आम्ही वाट पाहतो आहोत, आणि हे काम आम्ही मन लावून करतो. दर जुलैच्या तिसऱ्या रविवारी चर्चपासून स्थानकापर्यंत मोर्चा निघतो. अंतर चारशे मीटर आहे. पुढे बँड, त्यामागे आमचे निशाण, त्यावर एकच शब्द: ‘आत्ताच!’ हे निशाण एकोणऐंशी साली मठातल्या जोगिणींकडून भरतकाम करून घेतले होते. ‘आत्ताच’ हा शब्द आजवर चार वेळा उसवला आणि चारही वेळा पुन्हा शिवण्यात आला. स्थानकासमोर समितीचे सचिव जाहीरनामा वाचतात. (तो दर वर्षी तोच असतो, फक्त वर्षांचा आकडा बदलतो. त्यासाठी तेवढी जागा पेन्सिलीने भरलेली आहे.) मग सहाशे माणसांपुरता शिळ्या पावाचा चुरा लसणीत परतून, त्यावर द्राक्षे घालून पोटभर वाढला जातो, दुपारी पत्त्यांचे सामने होतात. जेवणानंतर सगळे डुलकी काढतात. या काळात मागणी स्थगित असते.

या प्रतीक्षेने आमच्या गावाला एक वाक्य दिले आहे, आणि ते वाक्य काढून घेतले तर आम्ही मुके होऊ. ‘गाडी सुरू झाली की.’ समितीचे अध्यक्ष बासिलियो एस्कार्तीन, निवृत्त पाववाले, गुडघ्याचे ऑपरेशन करून घेणार आहेत, गाडी सुरू झाली की. खाटीक एलादियो सख्ख्या भावाशी बोलणार आहे, गाडी सुरू झाली की. (भाऊ समोरच्या घरात राहतो.) चर्चची घंटा, शाळेचे छप्पर, चोनच्या बारमधल्या संडासाची कडी, सगळी कामे गाडीसाठी खोळंबली आहेत. हे सांगणारा इसमही गेली एकोणीस वर्षे एक पुस्तक लिहितो आहे. त्याचे दुसरे प्रकरण नक्की केव्हा लिहिले जाईल, ते चतुर वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. यात कोणाचा आळस नाही. दोष पुलाचा आहे.

येथे एका गैरसोयीच्या गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. पूल पडल्यावर एकवीस दिवसांनी घाटावरून बस सुरू झाली. तात्पुरती. ती अजूनही तात्पुरतीच आहे आणि रोज तिच्या चार फेऱ्या होतात. ओर्दियासहून नऊ दहाला निघते, पलीकडच्या बेदूर गावी नऊ पस्तीसला पोचते. पलीकडचे लोक तिच्यातून आमच्याकडे तेल आणि डुकराची मांडी घ्यायला येतात. आम्ही मात्र तिच्यात बसत नाही. समितीच्या घटनेचे कलम चार सांगते: ‘तात्पुरत्या व्यवस्थेस मान्यता दिल्यासारखे होऊ नये म्हणून कोणताही सदस्य सदर बसने सीमा ओलांडणार नाही.’ आणि सदस्य तर सगळे गावच आहे. (मोटारीबद्दल कलम चार मौन बाळगते. मसुदा करणाऱ्याला मोटार चालवता येत नव्हती, त्यामुळे तो धोका त्याच्या लक्षात आला नाही.)

मसुदा करणारे गृहस्थ म्हणजेच समितीचे तहहयात सचिव उर्बेस लाकास्ता. वय त्र्याहत्तर. बसचा थांबा बरोबर त्यांच्या दारासमोर आहे.

उर्बेस हा शेवटच्या स्टेशनमास्तरांचा मुलगा. एकविसाव्या वर्षी तो स्पेनच्या जकातीच्या मेजावर पार्सलांच्या पावत्या करी. अकरा पावलांवर फ्रान्सचे मेज होते आणि त्यामागे बेदूरच्या जकात कारकुनाची मुलगी, मायलिस बोर्दनाव, तशाच पावत्या करी. एकाने शिक्का मारायचा, अकरा पावले चालायचे, दुसरीने शिक्का मारायचा. त्या दोन वर्षांत ओर्दियासच्या जकातीचे काम इतके चोख झाले की वरिष्ठांनी लेखी शाबासकी दिली. एकेका पार्सलाची पावती तीन-तीनदा तपासली जाई.

अखेर उर्बेसने मनाचा हिय्या केला. रविवारच्या चार वीसच्या गाडीने बेदूरला जायचे आणि तिच्या वडिलांशी बोलायचे. कोणाच्या घरी जाताना आमच्याकडे पापुद्र्याच्या मिठाईचा, दोरीने बांधलेला पुठ्ठ्याचा डबा नेतात. तो त्याने सांगून ठेवला. शुक्रवारी पूल पडला. तरी रविवारी उर्बेस टाय लावून, डबा घेऊन फलाटावर जाऊन बसला, कारण पूल पडल्याचे त्याला लेखी कोणी कळवले नव्हते. साडेसातपर्यंत बसला. मग घरी येऊन आईबरोबर मिठाई खाल्ली आणि म्हणाला, “वसंतात जाईन.”

वसंत आले. उर्बेसने कलम चार लिहिले. मायलिसने शहात्तर साली एका टपालवाल्याशी लग्न केले, तिला दोन मुलगे झाले, दोन हजार आठ साली टपालवाला वारला. दोन्ही प्रसंगी ओर्दियास समितीने ठराव करून पाठवले, एक अभिनंदनाचा आणि एक दुखवट्याचा, दोन्ही उर्बेसच्या हस्ताक्षरात. दरम्यान शहाऐंशी साली मायलिस पलीकडच्या समितीची सचिव झाली होती. तेव्हापासून दोन्ही सचिवांत वर्षातून दोनदा पत्रव्यवहार होतो. मोर्चाची तारीख, निशाणाची लांबी, बँडची संख्या, सगळे ‘मा. सचिव, आपणांस कळविण्यात येते की’ या थाटात. प्रत्येक पत्राखाली ता. क. असे. ‘ता. क. आमच्याकडे बर्फ चार बोटे.’ उत्तरात: ‘ता. क. आमच्याकडे सहा.’ सदतीस वर्षांत चौऱ्याहत्तर पत्रे झाली. ती सगळी समितीच्या दप्तरी आवक-जावक क्रमांकासह आहेत. फक्त आवक पत्रे कपाटात नसून उर्बेसच्या उशाशी आहेत. हिशेब तपासनीसाने यावर आक्षेप घेतलेला नाही. तोही गावातलाच आहे.

एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी मायलिस त्याच बसने तेल घ्यायला ओर्दियासला येते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. समितीची बैठक दर मंगळवारी अकरा वाजता, बारच्या मागच्या खोलीत, खिडकी लावून घेण्याचा ठराव कोणी मांडला होता, ते सांगायला नको.

असे सगळे सुरळीत चालले असताना गेल्या सप्टेंबरात राजधानीतून पत्र आले. आपली मागणी तत्त्वतः मान्य करण्यात येत आहे.

बैठकीत पत्र वाचून झाले तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. बासिलियोने गुडघ्यावर हात ठेवला. एलादियोने भावाच्या घराच्या दिशेने पाहिले. सबंध गावाच्या तोंडचे पाणी पळाले होते. बारची मालकीण चोन ही समितीची खजिनदार आहे. तीच आधी बोलली.

“म्हणजे जुलैचं काय?”

“जुलैत विजयोत्सव करू,” बासिलियो म्हणाला.

“आणि पुढच्या जुलैत?”

“गाडीत बसू.”

“बसून जायचं कुठे रे बाबा?”

राजधानीतल्या मंडळींनाही नेमका हाच प्रश्न पडला होता, आणि पत्रासोबत त्यांनी तो छापून पाठवला होता. त्याचे नाव ‘प्रवासी मागणीपत्रक चौदा-ब’. रकाना एक नाव, दोन वय, तीन कुठे जायचे, चार कशासाठी, पाच ही गरज सध्या कशी भागवता. रकाना सहा असा होता: ‘सदर काम आजवर न होण्याचे खरे कारण.’ खाली टीप होती. दोन्ही गावांतून प्रत्येकी किमान पंचवीस खरे प्रवासी आढळले नाहीत, तर प्रस्ताव नऊ वर्षांसाठी फेरअभ्यासाला जाईल. पत्रकांची पडताळणी समोरच्या समितीच्या सचिवाने करावी. मुदत ऑक्टोबरअखेर.

पलीकडची पंचवीस पत्रके चार दिवसांत झाली. (कारण: तेल.) आमच्याकडे मात्र घोडे रकाना सहापाशी पेंड खाऊ लागले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ज्या माणसाने मोर्चात पोलिसाची टोपी उडवली, तो माणूस सहाव्या रकान्यापुढे पेन घेऊन रात्रभर बसला आणि पहाटे त्याने पत्नीला विचारले, “आपल्याला कुठं जायचं होतं गं?” पत्नी म्हणाली, “तुम्ही मला कधी विचारलंत?” दोघे अजून बोलत नाहीत. गाडी सुरू झाली की बोलतील.

महिन्याअखेर पत्रके गोळा झाली. त्यांचा तपशील समितीच्या दप्तरी आहे तो असा. एकशे एकाहत्तर जणांना गाडीतून येताना आपले गाव कसे दिसते ते पाहायचे होते. जायचे नव्हते, फक्त यायचे होते. बासष्ट जणांनी लिहिले, ‘मी नाही, पण लोकांनी जावे.’ अडतीस जणांनी सहाही रकान्यांत ‘आत्ताच!’ असे लिहिले. एकोणतीस कोरी, त्यांपैकी काहींवर वाइनचे गोल डाग. पंधरा जणांनी कारण म्हणून ‘तत्त्व’ दिले. खरे निघाले ते चोवीस: आठ जणांची नातवंडे पलीकडे होती, पाच जणांना तिकडच्या चीजला नावे ठेवायची होती आणि अकरा जणांना बेदूरच्या दंतवैद्याकडे जायचे होते. या अकराही जणांनी रकाना सहा अत्यंत प्रामाणिकपणे भरला होता. ‘निघेपर्यंत दुखायचं थांबतं.’

“चोवीस,” चोन म्हणाली. मागच्या खोलीत ती, बासिलियो आणि उर्बेस तिघेच होते. “एक कमी पडतोय.”

“एकाचं काय घेऊन बसलीस? तुझ्या आईच्या नावावर भर.”

“आई जाऊन सहा वर्षं झाली, बासिलियो.”

“यंदाच्या जाहीरनाम्यावर सही होती की तिची.”

“ती तू केली होतीस. ‘आसेन्सियोन’ लिहिताना चुकलास, म्हणून मला कळलं.” चोनने पत्रके पुन्हा मोजली. “तीनशे एकोणचाळीस आहेत. उर्बेस, तुझं कुठाय?”

उर्बेस शिक्क्याची गादी पुसत होता. ती पुसायची गरज नव्हती. “भरायचंय,” तो म्हणाला.

“काय भरायचंय त्यात? सगळ्या गावाला पाठ आहे ते. दंतवैद्याच्या लोकांना लाज वाटली नाही आणि तुला वाटते?”

“पडताळणीला पलीकडे जातं ते, चोन.”

“जाऊ दे की.”

“सचिवांकडे जातं.”

“म्हणूनच म्हणतेय, जाऊ दे! ताकाला जाऊन भांडं किती वर्षं लपवशील? अरे, भांडं गंजून गेलं तुझं.”

बासिलियोने घसा साफ केला. “गड्या, नसेल जमत तर राहू दे,” तो अतिशय आपुलकीने म्हणाला. “चोवीस तर चोवीस. नऊ वर्षांचा तर प्रश्न आहे. माझा गुडघाही तोवर थांबेल.”

आता उर्बेसच्या ध्यानात आले की सगळे गाव आपल्याकडे पाहते आहे, आणि निम्म्याहून अधिक गावाला त्याने पत्रक भरू नये असे वाटते. आजवर त्याला वाटे, गाडीची खरी वाट पाहणारा आपण एकटाच आहोत. आता त्याला आपलीच शंका आली. तो पत्रक घेऊन घरी गेला.

पुढच्या तीन आठवड्यांच्या संध्याकाळी त्याने रकाना चारवर खर्च केल्या. पहिल्या मसुद्यात लिहिले, ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’. ते खोडले. ‘समितीच्या कामकाजासंबंधी समक्ष चर्चा.’ खोडले. ‘दंतवैद्य.’ हे दोन दिवस टिकले. पण त्याच्या दाढा त्याच्या स्वतःच्या नव्हत्या, आणि सचिवाने खोटी माहिती देणे त्याला पटेना. शेवटी त्याने टाय लावला, कारण टाय लावला की त्याला खरे लिहिता येते, आणि एका दमात पत्रक भरले.

रकाना तीन: बेदूर. रकाना चार: कु. मायलिस बोर्दनाव हिच्या वडिलांशी बोलणे. रकाना पाच: भागवत नाही. रकाना सहा: ‘शुक्रवारी पूल पडला. मी रविवारी जाणार होतो. मला भीती होती की ती नाही म्हणेल. पुलाने नाही म्हटले तर तेवढे वाईट वाटत नाही, म्हणून मी पुलाचीच वाट पाहत राहिलो.’

त्याखाली सही, शिक्का, जावक क्रमांक. पाकीट पेटीत टाकल्यावर तो पेटीपाशी उभा राहिला. आमच्या टपालवाल्या बाईंनी विचारले, “परत हवंय का काका?” तो म्हणाला, “हो.” त्या म्हणाल्या, “नियमात बसत नाही.” नियमांवर त्याची श्रद्धा असल्यामुळे तो निमूट घरी गेला.

उत्तर नवव्या दिवशी आले. ते दप्तरी असल्याने येथे देता येते.

‘विषय: अर्ज क्र. २५ ची पडताळणी. मा. सचिव, उपरोक्त अर्जाची छाननी करण्यात आली. रकाना चारमध्ये नमूद गृहस्थ चौऱ्याण्णव साली वारले असून त्या वेळी आपल्याच समितीचा दुखवट्याचा ठराव प्राप्त झाला होता. ही चूक किरकोळ समजून दुरुस्त करता येईल. तथापि रकाना सहामधील पुलाचा उल्लेख ग्राह्य धरता येत नाही. पूल पडल्यानंतर एकविसाव्या दिवसापासून अर्जदाराच्या दारासमोरून बस सुटते. तिच्या आजवर अंदाजे पंच्याहत्तर हजार नऊशे वीस फेऱ्या झाल्या. त्यांतील एकाही फेरीत अर्जदार आढळून आला नाही. अधोस्वाक्षरीत सचिवाने सुरुवातीची पाच वर्षे थांब्यावर स्वतः खात्री केली आहे. सबब अर्जदारास रेल्वेची गरज असल्याचे सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर. ता. क. आमच्याकडे बर्फ नाही. घाट मोकळा आहे.’

उर्बेसने हे पत्र किती वेळा वाचले याची नोंद नाही. ‘सुरुवातीची पाच वर्षे’ या तीन शब्दांवर मात्र त्याचे बोट इतका वेळ होते की तेथील शाई पसरली आहे. एकाहत्तर ते शहात्तर. तो हिशेब त्याने मनात केला, आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडला. मग तोंड धुऊन निर्णय समितीला कळवायला गेला, कारण मुदत संपत आली होती.

अर्ज चोवीसच भरले. प्रस्ताव नऊ वर्षांसाठी फेरअभ्यासाला गेला. गावात दुःखाची लाट पसरली आणि ते दुःख व्यक्त करण्यासाठी त्याच संध्याकाळी बँड बोलावण्यात आला. बासिलियोने भाषण केले, “हा अन्याय आम्ही कदापि विसरणार नाही!” असे म्हणून तो दोन फेर नाचला, गुडघा असून. एलादियोने भावाच्या घराकडे पाठ करून मनसोक्त जेवण केले. निशाण पाचव्यांदा शिवायला देण्याचे ठरले. फक्त उर्बेस कोपऱ्यात बसून भिंतीवरचे बसचे वेळापत्रक वाचत होता. ते बावन्न वर्षे त्या भिंतीवर होते.

“काय पाहतोस?” चोनने विचारले.

“मंगळवारी पण नऊ दहालाच आहे का?”

“रोजच नऊ दहाला आहे रे, मूर्खा,” चोन म्हणाली, आणि तिच्या आवाजात जी माया होती ती तिने लगेच भांड्यांच्या खडखडाटात बुडवून टाकली.

मंगळवारी सकाळी उर्बेसने आवक-जावक वही, शिक्का आणि शिक्क्याची गादी चोनच्या हवाली केली आणि रीतसर पोच घेतली. कलम चारचा भंग करण्यापूर्वी राजीनामा देणे त्याला आवश्यक वाटले. तो दोन प्रतींत होता. बासिलियोच्या मुलीच्या दुकानातून त्याने दोरी बांधलेला डबा घेतला. डबा तसाच होता, फक्त दोरी प्लॅस्टिकची झाली होती. थांब्यावर बस आली तेव्हा दाराशी त्याची पावले अडली. ड्रायव्हर पंचवीस वर्षे त्याच मार्गावर होता.

“चढताय की नुसतं बघताय?” ड्रायव्हर म्हणाला. “रोज खिडकीतून बघता, आज जवळून बघा.”

“वेळेवर पोचते ना ही?”

“तुम्ही चढलात तर पोचेल.”

बस तीन मिनिटे उशिरा पोचली. घाटात गाई आडव्या आल्या होत्या. या तीन मिनिटांत उर्बेसने भाषणाची सुरुवात तीनदा बदलली आणि शेवट विसरला. बेदूरच्या थांब्यावर चाकांची पिशवी घेऊन एक सडपातळ, पांढऱ्या केसांची बाई तेल आणायला जाण्यासाठी उभी होती. तिने उतरणाऱ्या माणसाकडे पाहिले, टायकडे पाहिले, डब्याकडे पाहिले. सदतीस वर्षे ‘आपण’ लिहिणारी ती बाई तोंड उघडताच ‘तू’वर आली.

“बावन्न वर्षं,” मायलिस म्हणाली. “आणि वर तीन मिनिटं. तुला थोडी तरी लाज?”

“गाई होत्या,” उर्बेस म्हणाला.

“आधी पूल होता, आता गाई. तू घरी जाऊन गाईंवर कलम लिहिणार आहेस का?”

“नाही.” त्याने डबा पुढे केला. “वडिलांशी बोलायचं होतं.”

“वडील नाहीत. मला विचार.”

उर्बेसने विचारले. काय विचारले ते ड्रायव्हरला ऐकू आले नाही, आणि तो अजूनही याबद्दल हळहळतो आहे. त्याने पाहिले ते इतकेच, की बाईंनी डबा पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, “बस नऊ पन्नासला परत जाते. तेल संपलंय माझं. चल, बस, सगळं नीट सांग. वाटेत पंचवीस मिनिटं आहेत, आणि मला पाच वर्षांचा जाब विचारायचाय.”

अकराच्या बैठकीसाठी सव्वादहालाच जमलेल्या आम्ही सर्वांनी मागच्या खोलीची खिडकी किलकिली करून त्या दोघांना बसमधून उतरताना पाहिले. तेल घेऊन ती दोघे स्थानकाच्या पायऱ्यांवर बसली आणि डबा उघडून मिठाई खाऊ लागली. मिठाई संपली तरी बसूनच राहिली. सचिवाअभावी बैठक तहकूब झाली. समितीच्या इतिहासात हे प्रथमच घडले.

आता ती दोघे सुखात आहेत, एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे, बसने. आम्हाला त्याचा आनंदच आहे. तथापि गावात एक अस्वस्थता पसरली आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी नऊ दहाची बस आम्हाला दिसत नसे. आता दिसते. ती रोज येते, दार उघडते, थोडी थांबते, कोणी चढले नाही की दार लावून जाते. दार उघडे असते त्या अर्ध्या मिनिटात एलादियोच्या दुकानात गिऱ्हाईक असले तरी कोणी बोलत नाही. परवा बसने पाठ फिरवली तेव्हा बासिलियो उसासा टाकून म्हणाला, “ही बस आहे तोवर रेल्वे होणे नाही.” तर्क बिनतोड होता. नवीन समिती तिथल्या तिथे स्थापन झाली. बस तात्काळ बंद करावी, तिच्यामुळे रेल्वेच्या मागणीचे अपरिमित नुकसान होत आहे, अशी आमची नम्र मागणी आहे. तीनशे एकोणचाळीस सह्या झाल्या आहेत. सही न करणारा ओर्दियासचा एकच जण आहे, आणि त्याचे नाव काढायचे कारण नाही. मोर्चा मे महिन्यात निघेल. जेवण तेच, वर द्राक्षे.

चौदा-ब पत्रकांच्या सोळाशे साठ कोऱ्या प्रती शिल्लक आहेत. बारमध्ये गल्ल्याजवळ ठेवल्या आहेत, हवी त्याने न्यावी. हे सांगणाऱ्याने आपली दोनदा नेली आणि दोनदा परत आणून ठेवली, कारण त्याच्याही घरासमोर काहीतरी रोज ठरल्या वेळी येऊन थांबते. वाचकांपैकी ज्यांना इथवर उर्बेसचे हसू आले असेल, त्यांनी एक प्रत जरूर न्यावी. पहिले पाच रकाने सोपे आहेत.